बदामी शाल

"शाल कोणत्या रंगाची पायजे तुले?" यादोरावानं विचारलं.

"बदामी," सत्यवती म्हणाली. "आंधळगावच्या कोशाच्या रेशमाची आणा. अन् पन्हा मोठा पाहून घ्या, खांद्यावर नीट बसली पायजे."

"बाया जांभळी घेतेत."

"मले बदामीच पायजे."

यादोराव खूश झाला. बाई भांडेल, रडेल, असं त्याला वाटलं होतं. भंडाऱ्याच्या, तुमसरच्या लॉजवरून गिऱ्हाइकांचे फोन यायचे ते त्याच्याच मोबाइलवर. कोणत्या बाईला कुठं पाठवायचं, तेही तोच ठरवायचा. पंधरवड्यापूर्वी त्यानं सत्यवतीला तोंडावर सांगितलं होतं, "चाळिशी उलटली तुझी. या लाइनमध्ये पस्तिशीनंतर कोणी विचारत नाही. आठ-दहा वर्षं म्हणजे डोक्यावरून पाणी, तू तर सोळा काढली. आता घरी बस. शाळेतल्या गुर्जीले देतेत तसा शाल-नारळ देऊन मानानं निरोप देतो."

"घरी कुठं बसू? अड्याळच्या घरावर अजून स्लॅब नाही. कधी थांबायचं ते मी ठरवीन."

"ते गिऱ्हाईक ठरवते, सत्यवती."

 ती आतून पेटली होती. नवरा टाकून गेला तेव्हा सव्विसाव्या वर्षी ती या कामात आली. लॉजचे जिने ती चढली, दारुड्यांना तोंड तिनं दिलं, पोलीस ठाण्याच्या बाकावर रात्री तिनं काढल्या. आणि हा खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकणारा तिचं वय मोजणार. वा रे न्याय.

तिच्यासोबतच्या रिंकू आणि नीतूही यादोरावाच्याच फोनवर चालायच्या. रिंकूनं तिशी ओलांडली होती, सांगायची पंचवीस. नीतूला पुढच्या वर्षी पस्तिसावं लागणार होतं. सत्यवतीचा निरोप म्हटल्यावर दोघी रडल्या तर नाहीतच, उलट हौसेनं वडाभाताच्या तयारीला लागल्या.

यादोरावाला त्यात काही वावगं दिसलं नाही. आठवडाभर फोन थंड होता, तेवढंच त्याला खुपत होतं. "धानाची कापणी चालू आहे," त्यानं स्वतःची समजूत घातली. "लोक वावरात अडकून राहिले."

रविवारी दुपारी त्याच्याच खोलीत कार्यक्रम झाला. सतरंजी अंथरली, मधोमध खुर्ची मांडली. यादोरावानं घसा खाकरून छोटंसं भाषण केलं, सत्यवतीच्या सोळा वर्षांना सेवा म्हटलं, आणि शालीची घडी मोडली.

सत्यवतीनं उठून शाल त्याच्या हातातून घेतली.

"बसा तुम्ही खुर्चीवर."

"मी कायले?"

"बसा म्हटलं ना."

तो हसत बसला. नीतूनं त्याच्या हातात नारळ ठेवला. सत्यवतीनं शाल त्याच्या खांद्यांवर घातली. मापात बसली.

"तुमचं वय किती, यादोराव? बासष्ट ना?" ती म्हणाली. "लय झालं."

रिंकूनं टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात फोन वाजला. यादोरावानं सवयीनं खिशात हात घातला. त्याचा मोबाइल गप्पच होता.

सत्यवतीनं कमरेच्या बटव्यातून आपला काढून कानाला लावला.

"हो, बरोबर लागला. आता याच नंबरवर करत जा," ती म्हणाली. "यादोराव आज रिटायर झाले."