हिरवं बटण

टण्.

ठमीनं काचेच्या बरणीत बटण टाकलं, तेव्हा कुठे टेबलाभोवती श्वास रोखून बसलेली माणसं हलली. आई मशीनवर लोकांचे कपडे शिवायची. उरलीसुरली बटणं ठमीची. बाबांनी दारू सोडल्यापासून रोज जेवायला बसण्याआधी एक बटण बरणीत पडायचं. आजचं हिरवं. दोनशे तेरावं.

"शाब्बास रे माझ्या वाघा!" आत्यानं भावाच्या पाठीवर थाप मारली. "चला, जेवा आता. वहिनीबाई, आज नुसतं बसून खायचं हं."

आत्या हल्ली कसल्याशा पाककलेच्या वर्गाला जात होती. सकाळी आली तशी पदर खोचून स्वयंपाकघरात शिरली, आणि तिनं कुणाला ओट्यापाशी फिरकू दिलं नाही. ठमीच्या आणि आपल्या दोन्ही मुलांच्या ताटल्यांत तिनं कोंबडीचा दाट, तांबूस रस्सा डावभर वाढला. भावापुढे मात्र वेगळा वाडगा सरकवला.

"तुझं साधंच केलंय. पथ्याचं."

आईला बरं वाटलं. चला, एवढं तरी ध्यानात ठेवलं ताईंनी.

ठमीनं चार घास खाल्ले आणि नाक मुरडलं. "आंबट लागतंय. आणि कसंतरीच."

"राहू दे मग," म्हणत बाबांनी तिची ताटली आपल्याकडे ओढली. लेकीचं उष्टं बाबांनीच संपवायचं, हा त्या घरातला जुना कायदा.

एक घास. दुसरा. तिसऱ्या घासाला चमचा ओठांपाशीच थांबला.

आईनं ते पाहिलं. सात महिने तिची नजर त्या हातावरच होती. तो कुठे थांबतो, कुठे थरथरतो, तिला झोपेतही कळलं असतं.

"ताई," बाबा हळू आवाजात म्हणाले, "यात काय घातलंयस?"

"अरे देवा! तू कशाला खातोयस ते? ते पोरांचं आहे!"

"काय घातलंयस?"

"वाइन. अर्धीच बाटली. पण शिजताना सगळी उडून जाते रे, आमच्या बाई स्वतः सांगतात. नुसता स्वाद उरतो मागे."

आई उठली. खुर्ची मागे कलंडली, तिनं वळूनही पाहिलं नाही. तिनं भाच्यांपुढच्या ताटल्या उचलल्या. धाकट्यानं आपली चाटूनपुसून लख्ख केली होती.

"सगळी उडून जाते?"

"हो गं! राईचा पर्वत नको करूस उगाच. पोरं झिंगली का? बघ की, कशी मजेत बसलीत."

"मग यांच्यासाठी वेगळं का काढलंत?"

आत्यानं भावापुढचा वाडगा उगाच सरळ केला.

"बोला ना, ताई. सगळी उडून जाते, तर छत्तीस वर्षांच्या माणसाला का नाही वाढलंत? त्याला जपलंत. आणि सहा वर्षांच्या पोरीला डाव भरभरून?" आईचा आवाज चढला नव्हता. ठमीला थोपटताना असायचा तसाच होता, फक्त त्याला धार आली होती. "मी तिथे मशीनवर बसले होते. दहा पावलांवर. एका शब्दानं विचारावंसं वाटलं नाही?"

"मी हौसेनं केलं गं..."

"हौस तुमची, आणि पोट माझ्या लेकीचं?"

बाबा उठून मोरीकडे गेले. नळ सुटला. चूळ भरल्याचा आवाज आला. पुन्हा आला. पुन्हा. आत्या टेबलावरचा एक डाग बोटानं घासत राहिली, जणू तो निघाला की सगळं निभावून जाणार होतं.

बऱ्याच वेळानं नळ बंद झाला. बाबा दारात येऊन उभे राहिले. हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

ठमीनं बरणी मांडीवर घेतली होती. झाकण उघडून तिनं वरचं हिरवं बटण काढलं आणि तळहातावर धरलं. बाबांकडे पाहिलं. मग आईकडे.

"आई, आजचं एकच काढायचं, का सगळी?"