लाल फीत

नव्या सरकारी रस्त्यात गिधाडांचं एक जरी घरटं आलं, तरी रस्ताच वळवायचा असा नियम होता. म्हणून पाहणी समितीच्या सरांनी आपल्या सगळ्यात लाडक्या विद्यार्थिनीला रानात धाडलं.

"घरटं असलेल्या प्रत्येक झाडाला लाल फीत बांध. पार खाली, बुंध्याशी. म्हणजे वाऱ्याने उडायची नाही. आणि एकही झाड सुटता कामा नये हं, पोरी."

पोरीने महिनाभर जिवाचं रान केलं. सत्तावीस झाडं हुडकली, प्रत्येकाला दुहेरी गाठ मारली आणि यादी सरांच्या हातात ठेवली.

पंधरवड्याने सरांचा अहवाल आला : 'प्रकल्पक्षेत्रात गिधाडांचे एकही घरटे आढळले नाही.'

ती तरातरा त्यांच्या खोलीत शिरली. "सर, अहो सत्तावीस होती!"

सर शांतपणे चष्मा पुसत राहिले. "मी काय शिकवलं तुला? डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं. जा, बघून ये. एक जरी दिसलं तर अहवाल इथंच फाडतो."

ती धावतच गेली. बाकी रान जिथल्या तिथं उभं होतं. मधे मधे सत्तावीस खुंट होते, आणि प्रत्येक खुंटावर तिची दुहेरी गाठ शाबूत होती.