इंजिनाच्या दिव्याची मोजणी

यंत्र कधी खोटं बोलत नाही, असा अंबरनाथच्या भीमराव मिस्त्रींचा सिद्धान्त होता. यंत्राची भाषा मात्र त्यांना गेल्या मंगळवारपासूनच समजू लागली होती, उल्हासनगरच्या एका शेटनं दिलेल्या झेरॉक्स तक्त्यावरून. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा जितक्यांदा लुकलुकेल, तितक्या नंबरचा बिघाड.

चिंतामणी साहेबांना तासाभरात आईला, माईंना, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला न्यायचं होतं. वाटेत घाट होता आणि गाडीची खात्री नव्हती, म्हणून ते आधी भीमरावांच्या गॅरेजात आले होते.

दिवा बोलता व्हावा म्हणून भीमरावांनी डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या सॉकेटातल्या दोन पिना तारेनं जोडल्या आणि स्टिअरिंगपाशी बसून मोजलं. दोन.

स्वतः बघावं म्हणून साहेब शेजारी बसले. दिवा तीनदा लुकलुकला.

"मघाशी दोन म्हणालात ना?"

"इम्पोर्टेड गाडी आहे साहेब. विचार करून बोलते."

उन्हाला कंटाळून माईही मागच्या सीटवर येऊन बसल्या. दिवा चारदा लुकलुकला, थांबला, पुन्हा चारदा.

"चिंतू, हा दिवा आपल्याला मोजतोय का रे?"

"आपण तिघंच आहोत, माई."

"तेच म्हणतेय मी."

"उतरा जरा सगळे," भीमराव हळूच म्हणाले.

तिघं उतरले, दारं लावली आणि काचेतून आत बघत उभे राहिले.

रिकाम्या गाडीत दिवा एकदा लुकलुकला. थांबला. पुन्हा एकदा.

भीमरावांनी खिशातला तक्ता उलगडला. एक नंबरपुढे छापलं होतं: बिघाड नाही.