खोली नसलेली बोट

बोटींच्या शोरूममधला विक्रेता तिसऱ्यांदा तिला केबिनच्या बोटीकडे वळवू पाहत होता. "ताई, तेवढ्याच पैशांत आत झोपायची खोली मिळते. ही मोठी असली तरी उघडीबोडकी. ना छप्पर, ना आडोसा. उन्हात भाजून निघाल."

"निघू दे."

तिने पर्समधून टेप काढली आणि उघड्या बोटीच्या बाजूचं दार मोजलं. मग गुडघ्यांवर बसून दोन सीटमधली मोकळी जागा मोजली. खात्री पटेना म्हणून पुन्हा मोजली.

"बोट घेताय की कपाट?" तो हसला.

"हे दार धक्क्याच्या पातळीला येतं ना? मध्ये उंबरा नाही ना?"

"नाही. पण चालवणार कोण?"

"मी. परवाना कालच हातात पडला."

"मग साहेबांना एकदा दाखवा तरी. खोली नाही म्हणून नंतर घरात कटकट नको."

तिने टेप गुंडाळली. "ह्यांची चाकाची खुर्ची सव्वीस इंच आहे, दार तीस इंच. आणि खोलीचं म्हणाल, तर चार वर्षं ते खोलीतच आहेत."