पिल्लाआधीचा घास

रुक्सांद्राचा पोरगा जर्मनीला कामाला गेला त्याला चार दिवस झाले, आणि मेंढवाड्यावर त्यानं सांभाळलेल्या कुत्र्याच्या पिल्लानं तेव्हापासून अन्नाला तोंड लावलं नव्हतं. रुक्सांद्रा डोंगर चढून आली, तेव्हा तिचा नवरा तोआदेर मक्याच्या पिठाची गरम, घट्ट लापशी, ममालिगा, पिल्लापुढे सरकवत होता. "दूध दिलं, कोकराची कलेजी दिली. नुसतं हुंगतंय," तो कुरकुरला. "अरे म्हाताऱ्या, आधी मेंढपाळानं खायचं, मग राखणीच्या कुत्र्याला घास द्यायचा, हे तूच पोराला शिकवलंस ना? तू या पिल्लासमोर जेवलास का?" "मला भूक नाही." "मग त्यालाही नाही!" तोआदेरनं घास तोंडात टाकला, दुसरा पुढे धरला. त्याचा हलणारा जबडा बघत पिल्लानं तो उचलला. "मेले नाटकी दोघंही," पुटपुटत तिनं पाठ फिरवली आणि झोळीतला पाव मोडला. चार दिवसांतला तिचाही तो पहिलाच घास होता.