कॅरिअरवरची जागा

रामाकोना गावचा श्रावण दादारावांकडून घेतलेली जुनी सायकल ढकलत सौंसरला परत आला. त्यांच्या अंगणात पाय ठेवताच तो कडाडला, "काका, ही सायकल उजवीकडंच ओढून राह्यली. फसवलं तुमी मले!" "इतकी वर्सं चालवली मी. तुलेच जमत नसन." दादारावांनी तावातावानं टांग टाकली, तर सायकल त्यांनाही उजवीकडच्या कुंपणातच घेऊन गेली. ओसरीवर डाळ निवडणाऱ्या सुशीलाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "सरळ कशी चालन? मागं मी कुठं आहो?" एका सीटची मोपेड आल्यापासून त्या घरीच राहत होत्या. सूप बाजूला ठेवून त्या पहिल्यासारख्या डावीकडं पाय सोडून कॅरिअरवर बसल्या. सायकल नाकासमोर सरळ निघाली आणि फाटकातून बोरगावच्या रस्त्याला लागली. "काका, माझी सायकल!" श्रावण अंगणातून ओरडला. दादारावांनी ब्रेकवर हात नेला. सुशीलाबाईंनी मागून त्यांचा सदरा धरला. "थांबू नका."