हवेचा पंप

"हाताला हवा लागत न्हाय, काका," नाथा बॉनेटखालून म्हणाला.

पंढरीनाथ हसले. "नीट बघ. थंड इंजिन चालू झालं की पहिलं मिनिटभर पंप ताजी हवा फेकतो. धुरातलं उरलंसुरलं विष जाळायला. आख्ख्या सोसायटीत अशी गाडी माझी एकट्याची."

ही माहिती सोसायटीत सगळ्यांना पाठ होती. पंपाची गुणगुण आपल्याला रोज सकाळी ऐकू येते, असंही ते सांगत. तरी तळमजल्यावरच्या स्वातीबाईंनी परवा पार्किंगमध्ये त्यांच्यादेखत खोकून दाखवलं. म्हणून आज गाडी मुर्ध्याला नाथाच्या गॅरेजात आली होती. शेजारीच पीयूसीची व्हॅन उभी असते. पंप तपासायचा, ताजं पीयूसी काढायचं आणि स्वातीबाईंना वाचायला द्यायचं, असा बेत होता.

मृणालिनीबाई गाडीचं दार धरून उभ्या होत्या. डॉक्टरांनी नवऱ्याच्या डाव्या डोळ्याची आशा सोडली, तेव्हापासून त्या गाडी सोडा म्हणत होत्या. मागच्या महिन्यात पंढरीनाथांनी नया नगरात उभ्या रिक्षाला धडक दिली आणि मध्ये आलास म्हणून रिक्षावाल्यालाच झापलं. बायकोला मात्र त्यांनी शब्द दिला होता. गाडी धुराच्या तपासणीत नापास झाली, की त्याच दिवशी किल्ली तुझ्या हातात. शब्दाचे ते पक्के होते. गाडीही पक्की होती. दर वर्षी पास.

नाथाने इंजिन बंद केलं, आत टॉर्च मारला आणि मान खाली घातली. "काका, पंपच न्हाय."

"नाही म्हणजे?"

"जागा हाय. पंप न्हाय."

पंढरीनाथांचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला. "तुझ्याशिवाय या गाडीला कुणी हात लावलेला नाही. घरचा समजत होतो रे तुला! कुणाला विकलास?"

नाथाने फडक्याने हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले.

"त्याला कशाला बोलताय? मी काढायला लावला," मृणालिनीबाई म्हणाल्या. "चार वर्षं झाली. तो नको नको म्हणत होता."

पंढरीनाथ गाडीला टेकले. "तू? माझ्या पाठीमागे?"

"समोर सांगून ऐकलं असतंत? म्हटलं, पंप नसला की होईल एकदाची नापास."

तेवढ्यात व्हॅनच्या खिडकीतून पीयूसीवाल्या अमोलचा हात बाहेर आला. हातात कागद होता. "घ्या काका. पास."

तिघांनी बंद गाडीकडे पाहिलं.

"अरे, सायलेन्सरात नळी कधी घातलीस तू?" मृणालिनीबाईंनी विचारलं.

"काय काकू! एवढे जुने कस्टमर तुम्ही. नळीबिळी घालून काकांचा अपमान करू? नंबर प्लेटचा फोटो काढला की झालं. दर वर्षी तेच करतोय."

मृणालिनीबाईंचे डोळे भरून आले.

"मेल्या," त्या म्हणाल्या, "चार वर्षं मी ह्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसतेय, ती तुझ्या मशीनच्या भरवशावर!"